दहा सिंगल, एक वर्गणी आणि चौदा दिवस: रिइश्यू तबकड्यांचा आवाज तपासताना काय घडलं

पार्श्वभूमी

दादरच्या हिंदू कॉलनीत एका घरी दर शनिवारी संध्याकाळी आठ माणसं रेकॉर्ड ऐकायला जमतात. चहा-पोहे घरमालकीणबाईंचे, टर्नटेबल त्यांच्या दिवंगत वडिलांचा, रेकॉर्ड ज्याच्या त्याच्या. मंडळाला नाव नाही, वर्गणी मात्र आहे. त्या वर्गणीतून गेल्या पावसाळ्यात त्यांनी एक संच मागवला: साठ-सत्तरच्या दशकांतल्या रॉक सिंगलच्या (बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या तबकड्यांच्या) दहा नव्या ७ इंची रिइश्यू, म्हणजे पुन्हा काढलेल्या तबकड्या, युरोपातल्या कारखान्यात दाबून तयार केलेल्या, बाहेर जाड खोका, आत पुस्तिका. पुस्तिकेत दोन दावे होते. एक, ‘मूळ अ‍ॅनालॉग टेपवरून’. दोन, ‘मूळ सिंगल मिक्स’. दुसऱ्या दाव्यावरून पुढे बरंच रामायण झालं.

संच महाग होता. परत करायला चौदा दिवसांची मुदत होती, तीही फक्त ‘उत्पादनातला दोष’ असेल तर.

मंडळातले सगळ्यात ज्येष्ठ सभासद, त्यांना इथे काका म्हणू, बँकेतून निवृत्त झालेले. कॉलेजात असल्यापासून त्यांनी सिंगल जमवली. काही काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतलेली, काही जहाजावर नोकरी करणाऱ्या मावसभावाने लंडनहून आणलेली. ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं तेव्हा काका दुकानात जाऊन नुसतेच उभे राहून आले होते. संचातल्या दहापैकी पाच गाण्यांची जुनी तबकडी त्यांच्याकडे होती. मंडळाच्या दृष्टीने ही पर्वणीच. मूळ आणि नवं शेजारी-शेजारी ठेवून ऐकायला मिळणार होतं.

मी या मंडळाचा सभासद नाही. अंधेरीत डबिंग स्टुडिओत साउंड रेकॉर्डिस्ट आहे. भांडण पेटल्यावर मला बोलावलं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.

अडचण

संच आल्यावर चौथ्या दिवशी, शनिवारी, पहिली बैठक झाली. आधी काकांची जुनी तबकडी, मग नवी, अशी पाचही गाणी लावली. हात वर करून मतदान. सात विरुद्ध एक, जुनीच्या बाजूने. शेरे असे: नवी पातळ वाटते, गाणाऱ्याचे ‘स’ फुटतात, ढोलाला जीव नाही, आणि चार तबकड्यांवर पियानो ‘होडीत बसल्यासारखा’ डोलतो. हा शेवटचा शेरा वकीलबाईंचा. वकीलबाई हार्मोनियम शिकलेल्या, सुराबाबत त्यांना फसवणं अवघड.

विरोधी मत एकाच माणसाचं. मंडळातला सगळ्यात धाकटा सभासद, आयटीतला. त्याचं म्हणणं, काकांच्या तबकड्या खरखरतात, म्हणून सगळ्यांना त्या ‘अस्सल’ वाटतात.

“अरे, साठ वर्षं ऐकतोय मी हे गाणं,” काका म्हणाले.

“म्हणूनच तर, काका,” तो म्हणाला. यावर त्या दिवशी पुढे कोणी बोललं नाही.

सहाव्या दिवशी मी गेलो तेव्हा प्रश्न माझ्यापुढे असा मांडला गेला: “आवाज वाईट आहे, परत करायचा की नाही?” मला तिथेच अडखळायला झालं. ‘आवाज वाईट’ या दोन शब्दांत निदान चार वेगळ्या तक्रारी कोंबलेल्या असतात. गाण्याचं मिक्सच, म्हणजे गळा आणि वाद्यं एकत्र जुळवून केलेली आवृत्तीच, वेगळं असेल. मिक्स तेच, पण मास्टरिंग (तबकडीसाठी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात) आणि खाच कापणं वेगळं असेल. कापलेलं चांगलं, पण दाबताना कारखान्यात बिघडलं असेल. किंवा तिन्ही ठीक, आणि घोळ आपल्याच सुईत असेल. चौदा दिवसांची मुदत यांतल्या फक्त तिसऱ्या तक्रारीला लागू होती. पहिली तक्रार ‘वर्णन चुकीचं’ म्हणून मांडता आली असती. दुसरी म्हणजे आवडनिवड. चौथीचं खापर आपल्याच डोक्यावर.

पर्याय

सगळा संच ताबडतोब परत पाठवावा, हा काकांचा आग्रह. सोपा मार्ग, पण दुकानदार कारण विचारणार आणि ‘जीव नाही’ हे कारण कुठल्या रकान्यात बसवणार?

धाकट्याचा पर्याय मोजणीचा. त्याने जुनी-नवी दोन्ही कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती आणि एका फुकट प्रोग्रामने डायनॅमिक रेंजचा, म्हणजे आवाजातल्या चढउताराचा, आकडा काढला होता. आकडा जुनीचा जास्त आला, म्हणजे त्याच्याच मताविरुद्ध! बिचारा प्रामाणिक, तरी त्याने तो सगळ्यांना दाखवला. काकांनी तो कागद मागून घेऊन घडी करून खिशात ठेवला.

हा आकडा मी बाद केला, त्यामागचं कारण रेकॉर्डवाल्यांच्या गप्पांत कायम निसटतं. हा प्रोग्राम सगळ्यात उंच शिखर आणि सरासरी मोठेपणा यांतलं अंतर मोजतो. जुन्या तबकडीवरची प्रत्येक टिक, म्हणजे चऱ्यावरून जाताना सुईचा होणारा ‘टक्’ आवाज, हे एक उंच शिखर. म्हणजे चरे जितके जास्त, तितका आकडा ‘चांगला’. शिवाय एकच फाइल डिजिटल ऐकली आणि तीच तबकडीवर कापून ऐकली, तरी तबकडीचा आकडा जास्त येतो. कापताना आणि वाजवताना सिग्नलची फेज (त्यातल्या लहरींचा एकमेकींशी ताळमेळ) सरकते, सपाट झालेली शिखरं पुन्हा टोकदार दिसतात, इतकंच. चढउतार दाबून सपाट केलेला आवाज त्याने मोकळा होत नाही. दोन तबकड्यांची तुलना या आकड्यावर करणं म्हणजे घामाच्या थेंबांवरून ताप मोजणं.

तिसरा पर्याय वकीलबाईंचा: मूळ टेपवरून कापलंय की डिजिटल फाइलवरून, हे कंपनीला लेखी विचारायचं. उत्तर यायला महिना लागला असता. आणि आलं असतं तरी आवाजाबद्दल त्यातून काही ठरलं नसतं. २०२२ साली अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या महागड्या रिइश्यूंमध्ये डिजिटल पायरी असल्याचं बाहेर आलं. त्याआधी अनेक वर्षं जाणकारांनी त्याच तबकड्या शुद्ध अ‍ॅनालॉग समजून वाखाणल्या होत्या. कानाला ती पायरी कळली नव्हती. तेव्हा ‘टेप की फाइल’ हा मुद्दा हिशोबातून काढा, असं मी सुचवलं. काकांना ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही.

चौथा पर्याय, जो शेवटी घेतला: आधी आपलं यंत्र तपासायचं, मग तबकड्या एकेक करून, आणि शेवटी डोळे बांधून ऐकणं. उरलेले दिवस आठ.

काय केलं

सुरुवात टोनआर्मपासून, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्यापासून. त्याच्या टोकाच्या कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या डबीला) २ ग्रॅम वजन लागतं; लावलेलं १.६. “तबकडी झिजू नये म्हणून कमी ठेवलंय,” घरमालकीणबाई म्हणाल्या. हा समज मुंबईभर आहे आणि उलटा आहे. वजन कमी पडलं की सुई खाचेच्या भिंतींना धरून राहत नाही, आदळत जाते. ‘स’ फुटतो तो तिथे, आणि तबकडीला इजाही तिथेच होते.

मग कार्ट्रिजचा कोन. टोनआर्म एका खुंटीभोवती फिरतो, त्यामुळे सुई खाचेला अगदी बरोबर समांतर फक्त दोन जागी असते. प्रचलित मांडणीत त्या जागा मध्यापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटरवर येतात. सिंगलचं गाणं साधारण ८४ ते ५४ मिलिमीटरच्या पट्ट्यात कापलेलं असतं. म्हणजे सिंगलला आतली एकच जागा वाट्याला येते, आणि ती चुकली की सगळं गाणं चुकतं. इथे कार्ट्रिज जवळजवळ दोन मिलिमीटर मागे बसलेलं होतं. एलपी (अख्ख्या अल्बमची मोठी तबकडी) ऐकताना हे खपून गेलं होतं, कारण एलपीची बाहेरची खाच सुईखालून सेकंदाला पन्नासेक सेंटिमीटर वेगाने सरकते, चूक पोटात घालते. सिंगल मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने फिरली तरी लहान वर्तुळामुळे सुरुवातीला चाळीस आणि शेवटाला जेमतेम पंचवीस सेंटिमीटर.

वजन आणि कोन नीट केल्यावर नव्या तबकड्यांवरचे ‘स’ बरेचसे शांत झाले. मग जुन्या तबकड्यांवर ते का फुटत नव्हते? मला वाटतं, तिथेही फुटत असणार. पण जुन्या तबकडीवर फुटलेला ‘स’ वयाच्या नावाखाली माफ होतो.

आता डोलणारा पियानो. संचातल्या तबकड्यांना अमेरिकन पद्धतीचं मोठं भोक होतं, दीड इंची, म्हणजे ३८ मिलिमीटरचं. ज्यूकबॉक्सच्या यंत्राला ते सोयीचं पडे. आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये ४५ ची तबकडी आणली ती याच भोकासह. मधे बसवायला मंडळाकडे प्लॅस्टिकचा अ‍ॅडॉप्टर होता, तो ढिला. तबकडी त्याच्यावर हवी तशी सरकत होती. म्हणजे चार डोलणाऱ्या तबकड्यांपैकी किती कारखान्याने डोलवल्या आणि किती आम्ही, हे सांगता येईना.

लॅमिंग्टन रोडवर दोन तास घालवले. सगळे अ‍ॅडॉप्टर त्याच साच्यातले. शेवटी ग्रँट रोडच्या एका लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमचा कातून घेतला. त्याने विचारलं, कशाला हवाय. सांगितल्यावर हसला आणि म्हणाला, माझ्या आजोबांकडे होतं असलं काहीतरी. आठव्या दिवशी घट्ट बसणारा अ‍ॅडॉप्टर आला आणि चारपैकी दोन तबकड्या सरळ झाल्या.

उरलेल्या दोन ‘अ’ बाजूला ठीक वाजायच्या आणि ‘ब’ बाजूला डोलायच्या. इथे माझी शंका फिटली. भोक दोन्ही बाजूंना एकच असतं, पण दोन बाजूंचे साचे वेगवेगळे मध्यात बसवावे लागतात. एकच बाजू डोलत असेल तर दोष अ‍ॅडॉप्टरचा नाही, साचा मध्यापासून सरकलेला आहे. टोनआर्मच्या पुढे मिलिमीटरची पट्टी धरून मोबाइलवर चित्रीकरण केलं. कार्ट्रिज प्रत्येक फेऱ्यात एक मिलिमीटर डावी-उजवीकडे जात होतं, म्हणजे मध्य अर्धा मिलिमीटर चुकलेला. मध्यापासून ७० मिलिमीटरवर याचा अर्थ सूर दर १.३ सेकंदाला ०.७ टक्का वर आणि तितकाच खाली. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा जवळजवळ पाव भाग. वकीलबाईंचा कान खरा ठरला. गिटारच्या गोंगाटात हे झाकलं गेलं असतं. पियानोचा लांब धरलेला सूर लपवू देत नाही.

मग तबकड्या धुतल्या. ऑगस्टमधल्या मुंबईत काकांची जुनी कव्हरं उघडली की बुरशीचा वास येतोच. डिस्टिल्ड वॉटर, त्यात अगदी थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापड, खाचेच्या दिशेने हात. (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांवर हे द्रावण चुकूनही लावू नये, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.) नव्याही धुतल्या, दाबताना राहिलेली किरकोळ भुकटी जवळजवळ सगळ्यांवर असते.

डोळे बांधून

अकराव्या दिवशी, दुसऱ्या शनिवारी, डोळे बांधून ऐकायचं ठरलं. डोळे खरोखर बांधले नाहीत. मी पाचही गाणी जुनी-नवी दोन्ही कॉम्प्युटरवर उतरवून आणली आणि ‘क’ आणि ‘ख’ अशा नावांनी लावली.

आधी आवाजाची पातळी जुळवली. इथे पहिल्या बैठकीचं गुपित सापडलं. काकांच्या तबकड्या नव्यांपेक्षा सरासरी अडीच डेसिबल चढ्या, म्हणजे मोठ्या आवाजात, कापलेल्या होत्या. साठच्या दशकात सिंगल रेडिओवर आणि ज्यूकबॉक्समध्ये दुसऱ्या सिंगलला मागे टाकायला निघत, त्यामुळे ती जमेल तितकी चढी कापत. बीटल्सचं ‘पेपरबॅक रायटर’ १९६६ मध्ये नेहमीपेक्षा चढं आणि बासला जोर देऊन कापलं, ते याच चढाओढीत. आणि अडीच डेसिबल चढा आवाज माणसाला ‘मोठा’ वाटण्याऐवजी बहुधा ‘चांगला’ वाटतो. पहिल्या बैठकीत व्हॉल्यूमच्या बटणाला कोणीच हात लावला नव्हता. सात विरुद्ध एक या निकालात त्या बटणाची किती मतं होती, कोण जाणे.

पातळी जुळवूनही पहिला प्रयोग फसला, आणि तो माझ्यामुळे. काकांनी पाचपैकी पाच वेळा आपली तबकडी बरोबर ओळखली. सगळे थक्क. मग ते स्वतःच हसून म्हणाले, “अहो, दुसऱ्या कडव्याआधी तीन टिका आहेत. आमच्या लग्नाच्या वर्षी सुई पडली होती.” आपल्या तबकडीचा प्रत्येक चरा त्या माणसाला पाठ होता. बाकीचेही खरखरीवरून ओळखत होते.

अर्धा तास चहा. तेवढ्यात मी टिका नसलेले तीस-तीस सेकंदांचे तुकडे कापले आणि काकांच्या तबकडीच्या सुरुवातीच्या रिकाम्या खाचेतली खरखर नव्या तबकडीच्या तुकड्याखाली हलकेच पसरली. ही शुद्ध लबाडी होती. सांगितली मात्र नंतर.

दुसऱ्या फेरीत पाचपैकी तीन गाण्यांवर मतं विखुरली. काकांनी त्या तिन्हींत दोनदा नवी निवडली. मी सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “पुन्हा लाव.” पुन्हा लावलं. पुन्हा तेच. (काका मला एकेरीत हाक मारायला लागले ते त्या क्षणापासून.)

चौथ्या गाण्यावर आठपैकी सात जणांनी जुनी निवडली, खरखर असूनही आणि पातळी जुळवूनही. नव्यात झांजांना धारदार कड आलेली, बास फुगवलेला. हा मास्टरिंगचा निर्णय. माझ्या मते चुकीचा निर्णय, पण कंपनीने जाणून घेतलेला.

पाचवं गाणं वेगळ्याच कारणाने अडलं. अ‍ॅम्पवरचं मोनोचं (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज सोडणारं) बटण दाबलं की काकांच्या तबकडीत गाणं तसंच राहायचं, फक्त खरखर कमी व्हायची. नव्यात बटण सोडलं की गाणारा एका स्पीकरमध्ये जाऊन बसायचा, ढोल दुसऱ्यात. शेवटचा विरत जाणारा भागही पाच-सहा सेकंद लांब. ही दुसरीच कलाकृती होती: एलपीसाठीचं स्टीरिओ मिक्स. ब्रिटनमध्ये १९६९ च्या आसपासपर्यंत सिंगल मुख्यतः मोनोच निघत, आणि ते मिक्स वेगळं बसून केलेलं असे. म्हणजे पुस्तिकेतला ‘मूळ सिंगल मिक्स’ हा दावा या तबकडीपुरता खोटा. इथे जुनी-नवीचा आवाज जोखण्यात अर्थच नव्हता.

निकाल

वकीलबाईंनी बाराव्या दिवशी दुकानदाराला पत्र लिहिलं. त्यात ‘जीव नाही’, ‘पातळ’ असा एकही शब्द नव्हता. दोन तबकड्यांची ‘ब’ बाजू मध्यापासून सरकलेली, पुराव्यादाखल पट्टी धरून केलेलं चित्रीकरण. एका तबकडीवर पुस्तिकेतल्या वर्णनापेक्षा वेगळं मिक्स. दुकानदाराने दोन तबकड्या मुकाट बदलून दिल्या. मिक्सची तक्रार कंपनीकडे पाठवली, असं कळवलं. कंपनीचं उत्तर आलेलं नाही.

बदलून आलेल्या दोनपैकी एक उत्तम. दुसरी अजून किंचित डोलते, आधीच्या निम्म्याने. वकीलबाईंनी ती ठेवायला संमती दिली, नाक मुरडून.

संच राहिला. धाकट्याने जिंकल्याचा आव आणला नाही, त्याचं श्रेय द्यायला हवं. कारण चौथ्या गाण्यावर त्यानेही जुनीलाच मत दिलं होतं.

निर्णयाच्या जागा, आणि आता करायचं असतं तर

सगळ्यात महाग पडलेली चूक साधी होती. दहा तबकड्यांच्या वीस बाजू असतात. आम्ही पहिल्या दोन आठवड्यांत जेमतेम चौदा वाजवल्या, कारण भांडण पाच गाण्यांवरून होतं आणि सगळं लक्ष तिथेच. अठराव्या दिवशी कोणीतरी सहज एका तबकडीची ‘ब’ बाजू लावली आणि उजव्या स्पीकरमधून कापड टराटरा फाडल्यासारखा आवाज आला. दाबताना प्लॅस्टिक खाचेत पूर्ण भरलं नाही की असं होतं. धुऊन जात नाही, सुई बदलून जात नाही. निखळ कारखान्याचा दोष, हमखास बदलून मिळाला असता. मुदत चार दिवसांपूर्वी संपलेली.

तेव्हा आज कोणी मला असा संच दाखवला तर पहिल्या तीन दिवसांत मी मत देणारच नाही. वीसही बाजू सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाजवेन, कान देऊन नाही, पहारेकऱ्यासारखा: डोलते का, फाटते का, उडते का. आवड-नावड चौथ्या दिवसापासून.

पहिल्या बैठकीत हात वर करून मतदान झालं, तेही काकांच्या घसघशीत “हीच खरी!” नंतर. पहिली दोन मतं मोठ्याने पडली की बाकीचे हात आपोआप उठतात. चिठ्ठ्या टाकायला हव्या होत्या. मी असतो तर सुचवलं असतं असं म्हणायला सोपं आहे. मीही काकांसमोर बहुधा हात वर केला असता.

माझ्या लबाडीबद्दल मला अजून खात्री नाही. खरखर मिसळल्याने प्रयोग निःपक्षपाती झाला हे खरं. पण जुनी तबकडी आवडण्यात तिची खरखर नसतेच, असं कोणी म्हटलंय? काकांनी ऐकली ती त्यांची तबकडी नव्हती, तिच्यातून तीन टिका काढलेला तुकडा होता. मास्टरिंगची तुलना करायला ते योग्य. काकांना काय आवडतं हे ठरवायला मुळीच नाही. दोन्ही प्रश्न मी एकाच संध्याकाळी उरकले, ते वेगळे ठेवायला हवे होते.

आणि काकांच्या एका जुन्या तबकडीचं मध्यालगतच्या रिकाम्या पट्टीतलं कोरीव अक्षरांकन मी शेवटच्या दिवशी वाचलं, ते पहिल्या दिवशी वाचायला हवं होतं. ती कोलकात्याच्या दमदमला दाबलेली होती, पण कोरलेला क्रमांक मूळ ब्रिटिश कटिंगचाच. एचएमव्हीच्या दमदमच्या कारखान्यात बाहेरून आलेल्या धातूच्या साच्यांवरून तबकड्या दाबत, त्यामुळे हे नवल नाही. ‘लंडनची तीच अस्सल’ म्हणून मंडळ जिला दोन नंबरची समजत होतं, ती आणि लंडनहून आलेली एकाच कापणीच्या बहिणी निघाल्या असत्या, पाहिलं असतं तर.

अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅडॉप्टर घरमालकीणबाईंनी ठेवून घेतला. वजनाचा काटा आता २ ग्रॅमवर आहे आणि त्यावर कागदाची पट्टी चिकटवून ‘हात लावू नये’ लिहिलंय. फाटक्या आवाजाची ती तबकडी खोक्यात तशीच आहे. तिची ‘ब’ बाजू ऐकायची असली की काका घरून आपली जुनी घेऊन येतात, तीन टिकांसकट.